तीन नंबरचं बटण

कोत्का बंदरातल्या जकात-दलालांच्या कचेरीत
फेब्रुवारीत एकदा मी जाते,
टेप, कोनमापक आणि एक चपटी उशी घेऊन.
मला बघून सगळे आधी ताठ बसतात,
शाळा तपासायला साहेब आल्यासारखे.
तसं नको, म्हणते, रोज बसता तसं बसा.
मग हळूहळू खरी पाठ बाहेर येते.

ऊर्होची मान
कंटेनरांच्या याद्या वाचायला पुढे गेली
ती सव्वीस वर्षांत मागे आलीच नाही.
पडद्याखाली त्याने टेकू दिलाय:
जहाजांची जुनी नोंदवही, वर टेलिफोन डिरेक्टरी.
दोन्ही उचलते. खाली धुळीची स्वच्छ चौकट.

टेबल उतरेल तेवढं उतरवलं, तरी उंचच.
मग खुर्ची चार बोटं वर,
मग पाय लोंबकळले,
मग पायांखाली फळी.
एक नीट केलं की दुसरं बिघडतं,
माझं पोट त्यावरच चालतं.
कोपर काटकोनात. मनगट सरळ.
माऊस इतका जवळ
की हात पसरून काही मागावं लागू नये.
"दुखतं कुठे?"
"कुठेच नाही," तो म्हणतो, खांदा चोळत.

टेबलाला उंची लक्षात ठेवणारी बटणं.
एक बसण्याचं, दोन उभं राहण्याचं.
तीन दाबलं, तर टेबल गुरगुरत निघालं वर
आणि थेट ऊर्होच्या छातीशी थांबलं,
एकशे सोळा सेंटिमीटर.
कपातली कॉफी हिंदकळली.
"हे कुणाचं?"
"तूलिक्कीचं. आधी ती इथे होती.
उभ्यानेच काम करायची. बसले तर झोपेन, म्हणायची."
"बदली झाली?"
सांडलेली कॉफी त्याने बाहीने पुसली.
"नोव्हेंबरात," म्हणाला.
एवढंच. आणि ते बदलीचं उत्तर नव्हतं.

नको असलेली मापं पुसायची, असा नियम.
बटण दाबून धरायचं, दोनदा पीक् वाजतं, संपलं.
अंगठा ठेवला मी. उचलला.
फॉर्मवर लिहिलं: दोन बटणं वापरात.
सही घेतली, त्याला पाण्याची बाटली लांब ठेवायला सांगितली,
म्हणजे उठणं तरी होईल.

रस्त्यावर आले, हातमोजे चढवत वर पाहिलं.
दुसऱ्या मजल्यावरच्या खिडकीत ऊर्हो उभा,
दोन्ही हात उंच टेबलावर ठेवून,
दुकानाच्या गल्ल्याशी उभं राहिलेल्या पोरासारखा.
खांदे कानांना लागलेले,
मनगटांचा कोन साफ चुकलेला.

मी काही परत वर गेले नाही.