टीस्ताई, तोर्स्ताई

योएन्सूत आठवड्याचे वार म्हणजे सगळ्या ताया.
मानन्ताई, टीस्ताई, तोर्स्ताई, पेर्यान्ताई,
बुधवार तेवढा केस्कीवीक्को,
बहिणींच्या घोळक्यात चुकून शिरलेला पाहुणा.
पहिल्या महिन्यात मला फार बरं वाटलं.
एवढ्या ताया असताना काय बिघडणार?

बिघडलं ते धुण्यावरून.

तळघरात मशीन एकच, दाराला टांगलेली वही,
दोऱ्याला बांधलेली पेन्सिल.
मी नाव लिहिलं टीस्ताईला, सात ते आठ,
आणि बादली घेऊन गेले तोर्स्ताईला.
मशीन फिरत ठेवून वर आले,
पाइनच्या खोडातली वर्षं मोजायचं प्रकरण वाचत बसले.
त्यात बाबांचा फोन. "तिकडे किती वाजले?"
पहाटे जागून त्यांनी लावलेला.
"साडेसात," म्हटलं. अंधार तीनलाच पडलाय हे सांगितलं नाही,
उगाच दिवा लावायला सांगतील.

खाली गेले तर माझे कपडे बाहेर.
कोंबलेले नाहीत. दोरीवर, एकेक,
मोजा मोज्याशेजारी,
आणि टॉवेलची फाटकी बाजू भिंतीकडे केलेली.
मशीनमध्ये कुणाच्या तरी चादरी गरगरत होत्या.
वहीत पाहिलं: आउने तुरुनेन, तिसरा मजला.

शेजारची ऐगेरीम अल्माटीची, इथं तीन वर्षं मुरलेली.
म्हणाली, "माफी मागायला जाऊ नकोस,
चुकीपेक्षा माफीचाच त्रास होतो यांना."
तरी गेले. अकरा शब्द घेऊन गेले,
त्यातले चार आकडे होते.

आउनेबाईंनी दार उघडलं, पाहिलं, आत निघून गेल्या.
दार मात्र उघडंच.
याचा अर्थ कुठल्या पुस्तकात शोधायचा?
मी बूट काढले.
ते पाहून त्या हसल्या, म्हणजे ओठ हलले;
इथं तेवढं हसू धरायचं.

ताटलीत राय नावाच्या धान्याची काळी पारी,
तिच्या पोटात मऊ भात,
वर लोण्यात कुस्करलेलं अंडं.
आपल्याकडे भाकरी संपली की भात येतो,
इथं थंडीनं दोघं एका पांघरुणात शिरले असावेत.

मग त्यांनी वर्तमानपत्राच्या कडेला लिहिलं:
तालो. तालोस्सा. तालोस्ता.
बोटानं दाखवत गेल्या: घर. घरात. घरातून.
मी जवळजवळ ओरडलेच, अहो, हे तर आमचंच!
स-ला-ते, स-ला-ना-ते घोकून
चौथीत माझा घसा बसला होता.
पण यांच्या विभक्त्या पंधरा.
खालच्या ओळीशी त्या जरा थांबल्या.
तालोत्ता. आणि ओंजळ उलटी केली.
घराविना.
नसण्यालाही इथं प्रत्यय आहे.
मी काही विचारलं नव्हतं,
खिडकीशेजारच्या खुर्चीकडे पाहिलंही नव्हतं,
त्याच म्हणाल्या, "एइनोत्ता,"
आणि माझ्या कपात कॉफी ओतली, काठोकाठ.

फेब्रुवारीत तळं रस्ता झालं.
आउनेबाईंकडे पायानं ढकलायची घसरखुर्ची आहे,
पुढे बसायला फळी, मागे दोन लांब पात्या.
त्या बसल्या, मांडीवर बाजाराची पिशवी,
मी मागून एक पाय मारत निघाले.
मध्यावर बर्फ खालून हंबरला.
लांबलचक, पोटातून.
मी जागच्या जागी खांब.
"लाउलाआ," त्या म्हणाल्या. गातोय.
बारावा शब्द.
तो तोंडात घोळवताना वळण चुकलं,
खुर्ची एकीकडे, मी एकीकडे,
आणि बटाटे सुटले मोकाट.
एकोणऐंशी वर्षांच्या बाई बर्फावर उभ्या राहून
मला बटाटे दाखवतायत, मी रांगत वेचतेय,
लांबून एक मासेमार आपल्या भोकावरची नजर न काढता
सगळं बघतोय.

एक शेवटपर्यंत मिळाला नाही.
मी गुडघ्यांवरच विचार केला.
पेरुना म्हणजे बटाटा. मग?
"पेरुनात्ता," म्हटलं, आणि ओंजळ उलटी केली.

या वेळी दात दिसले.

दारापाशी पिशवी घेताना त्यांनी
बोटांनी सात दाखवले आणि म्हणाल्या, "तोर्स्ताई."
जेवायला की धुवायला, विचारायला शब्द नव्हता.
खाली जाऊन वहीत वार दोनदा वाचला.