बाकी साडेतीन रुपये

दप्तरात तिची एकच नोंद सापडली होती:
'होडी, ठमा मढवी हिची. तापकऱ्यांची ने-आण, खेपा सात.
भाडे बाकी, साडेतीन रुपये.'
प्लेगच्या साली कुणा कारकुनानं लिहिलेली, शाई पसरलेली.

तेवढ्यावर मी एकशे अठरा पानं लिहिली
ऐरोलीत, सेक्टर आठमध्ये,
बाजूला वॉशिंग मशीन थरथरत असताना.
खाडी आयतीच होती. खिडकीतून दिसते,
भरतीला वासही येतो.
गोरा डॉक्टर मी घातला.
तापात गेलेला मुलगा मी घातला,
मध्यंतराआधी कुणीतरी जावं लागतं.
आणि रात्री तीनला, चहा उतू गेला तेव्हा
तिच्या तोंडी घातलं ते वाक्य:
'खाडीला जात नसते, साहेब. मरणालाबी.'

ते 'बी' घाटावरचं. कुणाच्या लक्षात आलं नाही.
मानपत्रात उलट आगरी बोलीच्या अस्सल बाजाचं कौतुक,
आणि 'मुक्या इतिहासाला वाचा दिली' वगैरे.
शाल, नारळ, एकावन्न हजार, कर कापून.
नारळ कुजका निघाला.

दिवा कोळीवाड्याच्या नाक्याला आता तिचं नाव आहे.
काळ्या ग्रॅनाइटवर माझं वाक्य,
त्याखाली: ठमाबाई मढवी.

गर्दी पांगल्यावर तिचा पणतू आला, हसुराम.
पर्यटकांना फ्लेमिंगो दाखवणारी बोट चालवतो,
हाताला डिझेलचा वास.
'आमची बाय ततरी व्हती, दादा.
डोकरा सांगायचा, शब्द फुटत नसं तिला,
वल्ह्यानंच ढोसायची मानसाला.'

मी शाल या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली.

'पन चांगलंच हाय ते. पोरीनं शाळेत म्हनून दाखवलं,
पयला नंबर काढला.
आता घरात आमाला पन तसंच आठवतं.'

दगडावरची हळद त्यानं अंगठ्यानं पुसली. मग,
जरा संकोचून:
'तुमी कागद बघितलं ना सगळं?
तिचं भाडं मिललं का मग?'

चौथ्या खर्ड्यात तो प्रसंग होता.
कचेरीच्या पायरीवर ती बसलेली, सबंध दुपार,
पदराच्या गाठीत सात खडे, एकेका खेपेचा एक.
निर्माता म्हणाला, नायिका पैसे मागताना बरी दिसत नाही.
मी लगेच हो म्हटलं.