वरची चार बोटं

बहरीनहून गुंडाळी होऊन आलेलं चित्र
वाशीगावात, माझ्या फ्रेमच्या दुकानात उलगडलं.
निळं काहीच नाही त्यात.
समुद्र तपकिरी, आपल्या खाडीसारखा.
पाणबुड्याच्या नाकाला चिमटा, पायाला दगड,
चेहऱ्याच्या जागी तीन चौकोन.

जोमाकाका निवट्या द्यायला आला होता.
पुलावरून उडी मारलेली माणसं काढतो तो,
कधी जिवंत.
चष्मा कपाळावर सरकवून बघत राहिला.
मोत्यांचं विचारलंच नाही.
"दोर कोनाचे हातान हाय?"

दोर वर वर जात होता
आणि तिथंच कॅनव्हास संपला होता.

काका गेल्यावर मी माप घेतलं,
वरच्या अंगाला चार बोटं कोरी पट्टी
जास्त सोडली.
गिऱ्हाइकानं विचारलं तर म्हणेन,
चुकलं.