चार बोटं

मुहर्रकच्या जुन्या बाजारात, अत्तरवाल्याच्या मागल्या खोलीत
माझं मशीन.
सिनेमावाले थेट तिथेच आले.
म्हणाले, बिश्त हवा. एकच.
आधी बाप घालील, मग मुलगा.

उंटाच्या लोकरीचा, काळा,
गळ्यापासून खाली जरीचा काठ.
आठवडा गेला नुसता काठ भरण्यात.
बाप झालेला नट उंच,
मुलगा झालेला त्याच्याहून चार बोटं कमी.

सिनेमात काळ सरळ चालत नाही, हे तेव्हा कळलं.
सकाळी मुलगा गादीवर बसायचा,
दुपारी बाप जिवंत व्हायचा.
म्हणजे सकाळी मी खालची पट्टी दुमडायची,
दुपारी उसवायची.
अकरा दिवस.
लोकरीत सुईच्या भोकांची रांग पडली
मुंग्या गेल्यासारखी.

मुलाचं खरं नाव फवाज. कुवेतचा, बाविशीतला.
गोष्टीत त्यानं धाकट्या भावाला
रात्रीच्या गलबतात बसवून कायमचं घालवायचं
आणि उजाडताच मजलिसीत कॉफी घ्यायची.
चिमुकलं फिंजान जरा हलवलं
की 'पुरे', एवढंच.
डोळ्यांत पाणी नको, दिग्दर्शक म्हणाला,
सगळे बघतायत.

पाच वेळा घेतलं.
पाचही वेळा तो फिंजान हलवायचंच विसरला,
नुसतं पुढे धरून बसला,
आणि वाढणारा वाढत राहिला.
सहाव्यांदा हलवलं.

मग स्टुलावर उभा राहिला माझ्यासमोर.
मी टाके उसवत होतो.
'मास्तर, इतका जड का केलात हा?'
म्हटलं, वजन जरीचं असतं.
खोटं बोललो.
जर नकली होती, कागदासारखी हलकी.
निर्मात्यानं पैसे वाचवले होते.

माझ्याकडे बापाची कात्री आहे, दाभोळहून आणलेली.
तिची कडी त्याच्या अंगठ्याची.
चोवीस वर्षं कापतोय,
अजून मगरिबच्या सुमाराला माझा अंगठा ठणकतो.
नवी घेता आली असती.
कोपऱ्यावरच मिळते, दोन दिनारला.

सिनेमा लागला तेव्हा जुफेरला जाऊन पाहिला,
सोबत कोया, शेजारचा इस्त्रीवाला.
बाप मेला तिथे लोक रडले.
मी पट्टी बघत होतो.
टाके कुठे दिसतात का,
भोकं कुठे दिसतात का.
काही दिसत नव्हतं.

शेवटी मुलगा एकटा.
किल्ल्याची लांब ओसरी, बाहेर भरतीचं पाणी.
पाठमोरा चालत जातो,
बिश्त फरशीवरून ओढत.

ओढत?

म्हणजे त्या दिवशी मी दुमडायचा राहिलो होतो.
बापाच्याच मापात गेला तो कॅमेऱ्यासमोर,
पाऊल अडखळत असणार,
आणि बोलला नव्हता काही.

कोया माझ्याकडे झुकून कुजबुजला,
आता दिसतो बघ राजा.