टंच

हुपरीत आख्खं आयुष्य पैंजणं जोडली,
स्वतःच्या पायाकडं बघितलं नाही.
टाच सकाळी टेकवत नव्हती.
म्हटलं, चप्पल झिजली असेल.

कोपरावरचे खवले तर जुनेच,
भट्टीची धग म्हणून सोडून दिलेले.
राजारामपुरीतला कातडीचा डॉक्टर मलम द्यायचा,
मलम संपलं की खवले परत.

मग उजव्या हाताचं मधलं बोट सुजलं.
सांधा नव्हे, बोटच,
बुडापासून टोकापर्यंत एकसारखं,
पेरं नसलेल्या उसागत.
अंगठी मीच कापली.
वितळवली, कुणाच्या तरी पैंजणात गेली.

हाडाचा डॉक्टर म्हणाला, युरिक ॲसिड. मटण बंद.
आम्ही जैन. काय बंद करणार?
सहा महिने मसूर खाल्ली नाही.

पहाटे मूठ वळायची नाही.
नळाला पाणी यायचं, जायचं,
त्रिशलाच्या घागरी भरून व्हायच्या,
तरी बोटं झोपलेलीच.
कामाला लागलं की सुटायची,
जरा टेकलं की पुन्हा धरायची.

एका रविवारी तीच माझी नखं कापत होती.
"ह्यात टोचे कुणी मारले?"
बारीक बारीक खड्डे, सुईनं पाडल्यागत.
एक नख तर कडेनं उचललेलं, पिवळट.
म्हटलं, काम करताना टोचा लागला असेल.
"उजव्या हाताला?
टोचा तर त्याच हातात असतो तुमच्या."

सीपीआरमधली डॉक्टरीण माझ्या पोरीच्या वयाची.
रिपोर्ट बाजूला सारला, नखं उजेडाला धरली,
आम्ही चांदी धरतो तशी.
मग कोपर. मग कानामागं. मग म्हणाली,
"मोजे काढा, बाबगोंडा."
तिघांनी तीन ठिकाणी बघितलेलं
तिनं एका बाकावर मांडलं.
सोरायसिस. तोच सांध्यात उतरलाय.
"पण रक्तात तर काही निघालं नाही."
"ह्यात बऱ्याचदा निघत नाही," ती म्हणाली,
"म्हणून तर हात बघायचे.
घरात आणखी कुणाला?"

कुणाला नाही, म्हणालो.
एसटी गोकुळ शिरगावच्या पुढं आली
तेव्हा बाबांची बोटं आठवली.
वाकडी. शेवटी शेवटी घास धरवत नव्हता.
कामानं झालंय, म्हणायचो आम्ही.
त्यांच्या डोक्यातला कोंडा
उशीवर पडायचा, आई झटकायची.

परवा पोरगा गाडीची किल्ली मागायला आला.
मी त्याचा हात धरून ठेवला.
"काय बघताय?"
"नखं वाढलीत. काप."