दीपनगरच्या चिमण्या

तीन वाजून सतरा मिनिटांनी पडदा गेला.
आवाज नाही, ठिणगी नाही.
चुलीवरचं दूध कुणी गुपचूप उतरवून ठेवावं, तसा.

काळ्या काचेत माझंच कपाळ,
मागे झांबरे साहेब, हातातला चहा तसाच.
बाहेर मे महिना,
आणि नशिराबादच्या अंगानं धूळ उठलेली.

दूरच्या केंद्राला फोन. तिथलंही गेलंय.
कधी येईल?
सांगता येत नाही, ताई.

मग कागद.
लांबट पट्ट्या, पेन्सिल, भिंतीवरचं घड्याळ.
हैदराबादचं सत्तर माणसांचं, पाच हजारांवर येतंय.
खाली साडेतीन हजारांवर मुमताज तडवी,
एकोणीस वर्षांची, रावेरची,
आज तिसऱ्यांदाच एकटी.
मधे दीड हजार फूट.
कागदावर.

पडदा असतो तेव्हा मी कुणाला विचारत नाही
कुठे आहेस. दिसत असतं.
आज विचारलं.
पोरगी म्हणाली, धुळीत खालचं काही दिसेना,
म्हणून वर आले.
किती वर?
पाच हजार.

पेन्सिलीचं टोक तुटलं, हे नंतर कळलं.
मोठ्याला म्हटलं, सात हजार, आत्ता.
नियमाचं इंग्रजी नीट आलं तोंडातून,
भीतीच्या पुढे पळणाऱ्या पाढ्यांसारखं.

मग तिला, मराठीतून:
दीपनगरच्या चिमण्या दिसतात का गं?
कुणी ऐकलं असतं तर हसलं असतं,
आभाळातल्या पोरीला ही चिमण्या विचारते.
खरखर.
पुन्हा खरखर.
दिसल्या, मॅडम. धूर सोडतायत. डाव्या हाताला.
पाठीशी घे त्यांना. उन्हाकडे तोंड कर आणि ये.

तीन एकोणपन्नासला पडदा आला.
त्यावर काही नव्हतं.
दोन्ही उतरलेली.
खाली एक गृहस्थ अकरा मिनिटांच्या उशिरावरून
कुणाशी तरी भांडत होते.
झांबरे साहेबांनी फॉर्म भरला.
परिणाम या रकान्यात लिहिलं: निरंक.
मी मुमताजची पट्टी पर्समध्ये टाकली,
तसं करायचं नसतं.

संध्याकाळी पारोळ्याहून आईचा फोन.
कोठे शे व माय?
रोज म्हणते मी, ड्यूटीवर, अजून कुठे.
आज तिला नीट सांगितलं:
टॉवरच्या जिन्यात.
वरून सोळावी पायरी.
उतरतेय.