जोडलेलं काही नाही

चौसष्टची फियाट. डॉक्टर कुमुदिनी खैरनारांची.
अंबडला माझ्या शेडमध्ये टो करून आली
तेव्हा डिकीत उंदरांची वस्ती होती
आणि कापसाचा एक गठ्ठा, पिवळा पडलेला.
पुतण्या म्हणाला, बाहेरून जशीच्या तशी ठेवा,
आतून आजची करा.

आठ महिने मी आजची करत होतो.
जिप्सीचं इंजिन, पाच गियर,
पुढे डिस्क ब्रेक,
एका बोटावर फिरणारं स्टिअरिंग.
बंपर सातपूरहून क्रोम होऊन आले,
त्यात बघून शकूर पेंटरनं मिशा नीट केल्या.

गियर आता खालून, जमिनीतून वर येणार,
म्हणून पुढची सलग सीट मधोमध कापली.
आतून काथ्या निघाला, केसांचा एक आकडा,
आणि एक तपकिरी डाग.
मी तेलाचा समजलो.

बाई आल्या. वय चौऱ्याऐंशी, पायात कापडी बूट.
कापलेल्या सीटवरून हात फिरवला :
"इथं तिघी मावायच्या. मी, सुईण,
आणि जिचे दिवस भरलेत ती.
दोघींना तर गिरणाऱ्याच्याही आधीच मोकळं केलं. इथंच."
मग क्लच दाबून बघितला, हसल्या.
"एवढा हलका? माझा गुडघा उगाच गेला म्हणायचा."

गंगापूर रोडनं निघालो. गाडी मी चालवत होतो,
त्या शेजारी.
सोमेश्वर मागे पडलं, द्राक्षबागा लागल्या,
इंजिनाचा आवाज असा की नसल्यासारखा.
प्रत्येक वळणाआधी
त्यांचा डावा हात हवेत वर जायचा,
स्टिअरिंगखालची दांडी धरायचा, जी मी काढली होती,
खाली ओढायचा, सोडायचा,
पुन्हा मांडीवर यायचा.
त्यांना कळतही नव्हतं.
आणि गंमत म्हणजे, वेळ अगदी बरोबर होती.
शेवटी शेवटी मी त्यांच्या हाताकडे बघूनच
गियर टाकत होतो.

धरणाच्या अलीकडे, उतारावर
एक शेळी मधे आली.
गाडी जागच्या जागी थांबली,
चाकानं किंचितही ओढ घेतली नाही.
शेळी गेली. बाई समोर बघत राहिल्या.
"हे ब्रेक", त्या म्हणाल्या,
"अडुसष्टला हवे होते."

मी इंजिन चालू ठेवलं. विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी भंगारातून ती दांडी काढली,
घासली, स्टिअरिंगखाली परत बसवली.
वर जाते, खाली येते, खट् वाजते.
तिला जोडलेलं काही नाही.
पुतण्यानं बिलात विचारलं, हे कशाचे?
मी तेवढी ओळ खोडली.